दगडावर कोणतं नाव?

प्रिय आई,

उद्या सकाळी तुझ्या कबरीच्या दगडावर नाव कोरायचं आहे, आणि कोणतं ते अजून ठरत नाही. डेपोत रजा टाकली, पण घरात पाय ठरत नाही. बसतो, उठतो. शेवटी म्हटलं, तुलाच लिहावं.

पाथरवट करीमचाचा वैतागलेत. "बाबू, नाव सांगा न! दगडावर रबर नाही चालत. एकडाव पडलं का पडलं!"

काय सांगू? बाबा म्हणतात शांता. मामा म्हणतात रिस्पा.

हे दुसरं नाव तू आम्हाला कधी का सांगितलं नाहीस? शेवटच्या आठवड्यात आम्ही हाका मारून थकलो, तू डोळे उघडले नाहीस. राजूरहून मामा आले, "रिस्पे" म्हणाले, आणि तू ओ दिलीस! मी दारातच उभा राहिलो. ही रिस्पा कोण?

मामांनी सांगितलं. तुझ्या जन्माच्या संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत बायबलातलं शमुवेलाचं पुस्तक चालू होतं. वाचनात रिस्पा आली, म्हणून तू रिस्पा. लग्नात सासरचं नाव ठेवताना आजी म्हणाली, "मुडदे राखनाऱ्या बाईचं नाव माह्या घरात नको." झालीस शांता!

आजीला तरी काय बोलू? त्या रिस्पेच्या दोन मुलांना राजाने फाशीला दिलं. ती प्रेतांपाशी खडकावर तरट पसरून बसली. दिवसा पाखरं, रात्री जनावरं हाकलत, पाऊस येईपर्यंत. पण तिच्यामुळेच राजाला त्या हाडांना मूठमाती द्यावी लागली ना?

तरी राहवेना, म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांना गाठलं. ते म्हणाले, नाव इब्री, म्हणजे हिब्रू आहे. काही जण फरसबंदी असा अर्थ लावतात. त्यांना निखारा पटतो. देवदूत वेदीवरून चिमट्याने निखारा उचलून यशया संदेष्ट्याच्या ओठांना लावतो, तिथे हाच शब्द आहे म्हणे. मुडद्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही!

धावत येऊन बाबांना सांगितलं. ते बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"जलमभर शांता म्हनून हाक मारली म्या. आता दगडावर दुसऱ्याच बाईचं नाव टाकतं का बे?"

मी बाजेच्या कडेला बसलो. मग कूस बदलून तेच म्हणाले, "निखारा म्हन्ला न तू? राती राखेत झाकून ठेवे तुही माय. सकायी आगपेटी लागे नाही आपल्या घरी."

आणि पुन्हा भिंतीकडे वळले. हे हो समजायचं, की नाही? तू असतीस तर त्यांच्या पाठीवरून सांगितलं असतंस.

आई, मी चाचांना रिस्पा सांगणार आहे. बाबा तुला शांताच म्हणतील, म्हणू दे. पण दगड बसला की हात धरून त्यांना तिथे नेईन आणि कोरलेलं नाव एकदा मोठ्याने वाचायला लावीन. हा माझा शब्द.

त्यांच्या हाकेला तेवढी ओ दे.

तुझा,
दानीएल