बांधावरची जागा

भेंडखळ (उरण)
ता. २४ नोव्हेंबर १९४९

चि. दत्तू यास अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड काल मिळालं. कलकत्त्याला सुखरूप पोचलास, हे वाचून बरं वाटलं. कार्डावर चार ओळी होत्या. बाबांना मी आठ वाचून दाखवल्या.

इकडे सर्व ठीक. मिठागरात पाणी घेतलं आहे. ठमाआत्याचा खोकला थंडीमुळे वाढला आहे, पण बोलणं कमी झालेलं नाही. माझ्या शाळेत या वर्षी पहिलीला एकवीस मुलं आहेत, त्यांत मुली तीन.

बाबांचे डोळे तसेच. उजव्यानं फक्त उजेड कळतो. डाव्यानं माणूस ओळखतात, तेही चालीवरून. डॉक्टर म्हणाले, हा काढून टाकता येईल असा पडदा नाही. चाळीस वर्षं उन्हात मिठाकडे बघत उभा राहिलेला माणूस आहे. उरलेली नजर वर्षभर टिकली तर टिकली. हे मी तुला आधी लिहिलं होतं. तुला विमान कंपनीच्या गणवेशात एकदा बघायचं हा त्यांचा हट्ट त्यामुळेच होता.

रविवारी तुला निरोप द्यायला आम्ही अकरा जण आलो. तुला ते जास्त वाटले असते. पण गावातून कुणी लांब निघालं की बांधावरच्या घरांतून जमेल तो माणूस पोचवायला जातो, आणि विमानानं जाणारा तू पहिलाच. पहाटे मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँच धरली. मुंबईहून आगगाडीनं सांताक्रूझ स्टेशनला उतरलो आणि तू लिहिल्याप्रमाणे पश्चिमेच्या बाजूनं बाहेर पडून जुहूच्या विमानतळावर साडेनवाला पोचलो. ठमाआत्यानं नवं लुगडं नेसलं होतं. बाबांनी वाटेत सगळ्यांना तीनदा सांगितलं की, लढाईच्या आधी कंत्राटदारानं उरणची चाळीस माणसं जुहूला नेली, पावसात ते मैदान भरायचं म्हणून तिथं बांध घातला, आणि त्यातला खाडीकडचा तुकडा त्यांच्या हातचा आहे.

"माज्या बांधावरनं माजा पोर उडनार," म्हणाले. कोंडाजीकाका म्हणाले, "अंबाजी, बांध फुटला तर पोरगा पान्यात." सगळे हसले.

विमान ठरल्या वेळेआधी गेलं, असं तिथल्या पहारेकऱ्यानं सांगितलं. भागोजी त्याचं नाव, रेवदंड्याचा आहे. तुला ओळखतो. दहाच्या सुमारास एक विमान उडालं. ते तुझंच, असं मी बाबांना सांगितलं. ते बांधावर चढले आणि आवाज ऐकू येत होता तोवर हात हलवत राहिले. पहारेकऱ्याचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं नव्हतं.

आपल्या घरचं मिठागराच्या बांधावरचं काम आता तुझ्याकडे आलं. बाबा हल्ली रांगेत पुढच्याला घमेलं द्यायला चुकतात, चिखल पाण्यात पडतो. या वर्षी कुणी काही बोललं नाही. चैत्रातल्या अमावास्येला बांधाची डागडुजी आहे. तू येईन म्हणाला आहेस. कंपनीकडून तुला फुकट तिकीट मिळतं हे बाबांनी गावभर केलं आहे.

तब्येतीस जप. तिकडे मासे गोड्या पाण्यातले असतात म्हणे.

तुझी
अक्का


भेंडखळ
ता. १२ फेब्रुवारी १९५०

चि. दत्तू यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. थोडक्यात लिहिलं आहेस, मीही तसंच लिहावं असं ठरवलं होतं.

शाळेत वर्तमानपत्र दोन दिवसांनी येतं. त्यात तुमच्या कंपनीची जाहिरात होती. मुंबई ते कलकत्ता आठवड्यातून तीनदा जाणारं विमान आता रोज जाणार. दिल्लीचंही वाढवलं आहे. जाहिरातीत देशाचा नकाशा आहे आणि मुंबईतून रेघा निघाल्या आहेत. मी तो कागद घरी आणला आणि बाबांचं बोट धरून कलकत्त्याच्या रेघेवरून फिरवलं.

त्यांनी बोट तसंच उलटं मागं फिरवलं. मग म्हणाले, "रोज जातं तर रोज येत पन आसंल."

मी म्हटलं, येतं.

"मंग त्याला जागा न्हाय, असं कसं?"

तू लिहिलं होतंस की विमानात नोकरांसाठी जागा शिल्लक राहत नाही. ते मी त्यांना सांगितलं. आत्या आतून म्हणाली, "साऱ्या मुलकाची मानसं बसतात, याच्याच बुडाला जागा न्हाय व्हय?" बाबा तिच्यावर रागावले.

कोंडाजीकाका पौषात भाऊच्या धक्क्यावर भाजी उतरवून गिरगावात गेले होते. तिथं त्यांना तू दिसलास. सोबत आणखी दोघं होते. त्यांनी हाक मारली. तू वळून पाहिलंस आणि चालत राहिलास. काकांनी हे बाबांना सांगितलं नाही, मला विहिरीवर सांगितलं. "तुजा भाव तिथं होता, पन मना वाटतं मी तिथं नव्हतो," एवढंच म्हणाले. दुसरा कुणी असेल असं मी म्हटलं. मी हल्ली सगळ्यांना असंच काही म्हणते.

आता जे लिहायचं राहिलं ते लिहिते.

त्या रविवारी जुहूला बाबा आपला बांध सगळ्यांना दाखवत होते, तेव्हा मी फाटकाशी गेले. भागोजीनं विचारलं, "घरतबाई का?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "तुमचं विमान लवकर गेलं." मी म्हटलं, कुठल्या बाजूला गेलं. त्यानं बांधावरच्या बाबांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई, मी पन आपल्या बाजूचा. तुमच्या भावानं काल येऊन मला चहा पाजला आनि हे असं सांगायला सांगितलं. एका चहात एवढंच खोटं होतं. कंपन्यांची विमानं गेल्या सालापासून इथून उडत न्हाईत. ती रेल्वेच्या पलीकडं, पूर्वेला. इथं आता शिकाऊ पोरं उडतात."

तेव्हा पावणेदहा झाले होते. तुझं विमान साडेदहाचं, पलीकडच्या विमानतळावरून. तू आणि आम्ही एकाच स्टेशनावर उतरून जाणारे. तू पूर्वेला गेलास आणि आम्हाला पश्चिमेला पाठवलंस. टॅक्सी केली असती तर पोचलो असतो. अकरा माणसं, तीन टॅक्सी. मी विचार केला. मग तू काय चेहरा केला असतास ते डोळ्यांपुढं आलं, आणि मी परत बांधावर गेले.

दहाला उडालेलं ते पिवळं विमान दोन माणसांचं होतं. तिरकं उडालं. बाबांना त्याचा आकार दिसला नाही.

येऊ नका असं तू लिहिलं असतंस तर आम्ही आलो नसतो. साहेब असतात, हारतुरे असतात, अनवाणी अकरा माणसं बरी दिसत नाहीत, एवढं मला कळतं. बाबांनाही मी समजावलं असतं. पण तू या म्हणालास, आणि ज्या विमानतळाची त्यांना सगळ्यात जास्त ओळख, तोच निवडलास. दुसरा कुठला सांगितला असतास तर त्यांनी वाटेत कुणाला तरी विचारलं असतं. हे तुला ठाऊक होतं. दत्तू, तू हुशार आहेस. तुला अक्षरं मी शिकवली.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. चैत्र अमावास्या १७ एप्रिलला आहे. आदल्या दिवशीचं विमान धर. तू आलास तर जुहूचं कधीच कुणाला कळणार नाही. बाबांना चालीवरून माणूस अजून कळतो.

तुझी
अक्का


भेंडखळ
ता. २० एप्रिल १९५०

चि. दत्तात्रेय यास आशीर्वाद.

रावजी तारवाला तुझी तार सतराच्या सकाळी नऊला घेऊन आला. मी तेव्हा बांधावर होते. तार घरी आत्याच्या हातात पडली आणि तिला वाचता येत नाही. तिनं ती कनवटीला लावली. संध्याकाळी दिली. 'कामामुळे येणे अशक्य.' तीन शब्द. ती वेळेवर मिळाली असती तर बरं झालं असतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या दिवशी काय झालं ते नीट लिहिते.

आदल्या रात्रीच्या भरतीनं खाडीकडच्या बांधाला खांड पडली होती. फार नाही, दोन हात. नुसती डागडुजी करायची होती तिथं आता पाणी अडवायचं होतं. ओहोटीत चिखल भरून ती बुजवायची, भरती फिरायच्या आत. बारा घरं, बारा माणसं, एका रांगेत. चिखल खणणाऱ्यापासून खांडीपर्यंत घमेलं हातोहात जातं. एक माणूस कमी असला तर दोघांना सरकून उभं राहावं लागतं आणि काम मंदावतं, पण होतं.

बाबांनी सरकू दिलं नाही. कोंडाजीकाका आणि शेजारचा सदा यांच्यामध्ये त्यांनी एका माणसाची जागा मोकळी ठेवायला लावली. "दत्तू यील. काल विमान लागलं, आज पयली लाँच. येतोच हाय." स्वतः बाजूला उभे राहिले आणि मोऱ्याच्या वाटेकडे तोंड करून राहिले.

त्यांच्या शब्दावर गाव थांबलं. हे तुला खरं वाटायचं नाही. पण त्या बांधाचं सगळं त्यांनी तीस वर्षं सांगितलं आहे, आणि कधी चुकीचं सांगितलं नाही. सदा म्हणाला, "काका, आपुन सुरू करू, त्यो आला की मधी शिरंल." बाबा म्हणाले, "आल्यावर त्याला जागा शोधाया लावू व्हय? घरचा मानूस हाय." काहींनी विड्या पेटवल्या. साडेनऊची लाँच आली. उतारू वाटेनं आले, गेले. त्यांतल्या प्रत्येकाच्या पायांकडे बाबांनी मान वळवली.

पुढच्या लाँचपर्यंत थांबायचं म्हणाले.

ओहोटी संपत आली होती. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, "बाबा, तो येणार नाही."

"तुला काय म्हाईत?"

"तो त्या दिवशीही तिथं नव्हता. तो विमानतळ त्याचा नव्हताच. त्यानं आपल्याला मुद्दाम दुसरीकडे पाठवलं. मला तेव्हाच कळलं होतं."

मी हळू बोलले होते, पण सगळे गप्प होते, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. आत्या असती तर ओरडली असती. बरं झालं घरी होती.

बाबा म्हणाले, "मंग मी हात कुनाला केला?"

मी सांगितलं, कुणा शिकाऊ मुलाला.

त्यांनी मान हलवली. नंतर माझ्याकडे वळून विचारलं, "तुला तवाच म्हाईत हुतं?" मी हो म्हटलं. "पाच म्हैने?" मी हो म्हटलं. तुझ्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. जे विचारलं ते माझ्याबद्दल. मी तुला वाचवत होते तेव्हा त्यांना फसवत होते, हे मला त्या क्षणापर्यंत नीट समजलं नव्हतं. तू एका दिवसासाठी खोटं बोललास. मी ते रोज जेवणाबरोबर वाढलं.

मग त्यांनी हात पुढं करून चाचपलं, सदाच्या खांद्याला हात लागला, तिथून मोकळ्या जागेपर्यंत आले आणि मला म्हणाले, "हितं उभी ऱ्हा."

सासरहून परत आलेली लेक बांधावर उभी राहत नाही. कोंडाजीकाकांनी तसं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी पदर खोचला आणि उभी राहिले.

आम्ही उशीर केला होता. भरती फिरली तेव्हा खांड अर्धीच बुजली होती. पाणी आत मिठाच्या कोंड्यांत शिरलं. सदाच्या दोन कोंड्यांतलं मीठ गेलं, आमचं एका कोंडीतलं. सदा घमेली उचलून घरी गेला. त्याच्या बायकोनं म्हटलं ते मी ऐकून घेतलं, ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही पुन्हा उभे राहिलो आणि बांध धरला. माझे हात सोलले आहेत, म्हणून अक्षर असं आलं आहे.

काल बाबांना कोंडाजीकाकांनी विचारलं, पुढच्या अमावास्येला तुमच्या घरचं कोण. बाबांनी माझं नाव सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, आणि घ्यायचं टाळलं असंही वाटलं नाही. आत्यानं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता, आज तिनंच हातांना खोबरेल लावून दिलं.

त्यांची नजर या महिन्यात आणखी उतरली आहे. हे तुला बोलावण्यासाठी लिहीत नाही. तू यावंस की नाही याबद्दल मला आता काही म्हणायचं नाही. आलास तर आधी सदाच्या दारात जा, मग आपल्या. बाबांना यापुढं तुझी पत्रं लिहिलेली असतील तशीच मी वाचून दाखवीन. चार ओळी असल्या तर चार.

कळावे.

गोदावरी अंबाजी घरत
घरची माणूस, बांध भेंडखळ