लक्ष्मम्माच्या वाट्याचा पाऊस

लातूर, १९ ऑगस्ट १९८५

ती. महादेवप्पामामांस शिवकांताचा शरणु-शरणार्थी नमस्कार.

मामींचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला गेला असेल असं धरून चालते. भट्टीवर तुम्ही स्वतः उभे राहत नाही, हे मला माहीत आहे. इथे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. बाकी मी ठीक.

पुरातत्त्व खात्याने मला पावसाचा आंबटपणा मोजायला पाठवलं, हे मामींनी सांगितलंच असेल. (पाऊस नसलेल्या वर्षी. आदेशात वर्षाचा विचार नव्हता.) तुमच्या विटांच्या भट्टीपासून एकशे दहा पावलांवर उघड्यावर उभा असलेला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या कुणा वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, चुनखडीचा आहे. कोळशाच्या धुरातला गंधक पाण्यात मिसळला की आम्ल होतं आणि चुनखडी झिजते. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत वीराला नाक आहे. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांना विटा लागतात, म्हणून भट्टी विझत नाही. ती हलवायची की नाही, हे माझ्या बाटलीत जमणाऱ्या पावसाच्या पाण्यावर ठरणार होतं.

बाटली वीरगळाशेजारच्या लक्ष्मम्माच्या माळवदावर ठेवली. जुलैतल्या एका सोमवारी ती काठोकाठ भरलेली मिळाली. अंगणात धूळ उडत होती, पण मी जमिनीपेक्षा बाटलीवर विश्वास ठेवला (आमचं शिक्षणच तसं). लक्ष्मम्मा म्हणाली, "रात्री लई आला बघ. आपल्याच घरावर." पाण्यात आंबटपणाचं नावही नव्हतं. तसा अहवाल गेला. वरून उत्तर आलं: पाऊस निर्दोष, भट्टीस हरकत नाही. तुम्ही पेढे वाटल्याचं कळलं.

काल मी नेहमीच्या सोमवारऐवजी रविवारीच गेले. लक्ष्मम्मा शिडीवर, हातात तांब्या.

"हे काय, लक्ष्मम्मा?"

"अगं, बाटली कोरडी नेलीस तर सायब नोकरीवरनं काढंल की तुला! मागल्या बारीला बी मीच भरली."

"पाणी कुठलं?"

"माझ्या वाट्याचं हाय. टँकरचं. चोरीचं न्हाई."

तर मामा, मी निर्दोष ठरवला तो टँकर. (कुठल्याशा विहिरीचं क्षारांचं पाणी, त्याबद्दल माझा आकडा अचूक आहे.) पाऊस अजून पडलेलाच नाही. तोवर काजळी दगडावर साचते आहे, आणि पहिली सर तिच्यातूनच वाहील. नाकानंतर डोळे जातील.

मामींना नमस्कार.

आपली भाची,
शिवकांता

ता. क. नांदेडला शिकायला मला तुम्हीच पाठवलंत, म्हणून विनंती करते: पाऊस येण्याआधी भट्टी आपणहून विझवा. नोटीस निघाली तर ती माझ्या अहवालावर निघेल, आणि ती तुम्हालाच मामींना वाचून दाखवावी लागेल.

आणखी एक. दुरुस्तीचा अहवाल मी आज सकाळीच रजिस्टरने पाठवला. त्यात "नमुना सदोष" एवढंच आहे, लक्ष्मम्माचं नाव नाही. तुमच्या उत्तरासाठी थांबले असते, तर बहुधा पाठवला नसता.