तुमच्या प्रबंधातला तो

सर,

तुमचा प्रबंध आता पुस्तक म्हणून मिळतो, आणि त्यात मी अजून निरक्षरच आहे. नववीनंतर माझी शाळा सुटली हे खरं, पण रद्दीच्या दुकानातून किलोनं आणलेली पुस्तकं मी तेव्हाही समासात शेरे मारत वाचायचो. हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? दारव्ह्याला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून तुम्ही आर्णीला माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात येऊन बसायचात. मी जळालेली तार उपसतोय, तुम्ही विचारताय, काल जो तू होता तोच आज कशावरून? आयुष्यात माझ्याशी असा वाद कोणी घातला नव्हता. मतं मांडायची नाहीत, माणसं बोलती करायची, प्रबंधच कथेसारखा लिहायचा, हा तुमचा प्रयोग. सहकारी म्हणायचे, सर प्रबंध लिहून राह्यले का दंडारीचा खेळ बसवून राह्यले? मी मात्र तुमच्या बाजूनं भांडायचो. आपलं बोलणं तुम्ही 'तो' नावाच्या माणसाच्या तोंडी घातलंत. त्याला अडाणी काहून केलं, असं विचारलं, तर म्हणालात, त्यानं विचार उघडा पडतो.

तुमच्या स्वयंपाकघरातली ती सकाळ मात्र मी विसरलेलो नाही. काकू भाकरी थापताहेत, तुम्ही ओट्याला टेकून चहा पिताय, आणि मी मोठ्या हौसेनं सांगतोय की दहावीला बाहेरून बसतो, मग बारावी, मग बी.ए.ला तुमच्याच वर्गात. तुम्ही कप खाली ठेवलात. "कायले? शिकला तं तूही पोरांसारखा गाईडातलं बोलशीन. मंग माह्या कामाचा काय राह्यला?" तव्यावरची नजर न हलवता काकू म्हणाल्या, "माणूस आहे तो. तुमचा धडा नाही." तुम्ही हसलात, म्हणून मीही हसलो. परीक्षेचा विषय मी पुन्हा काढला नाही. तुम्ही डॉक्टर झालात. सत्कारात व्यासपीठावरून माझ्याकडे बोट दाखवलंत. टाळ्या झाल्या, त्या मला का त्याला, कोण जाणे.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच लिहितोय. परवा यवतमाळहून एक मुलगी आली, तुमच्या पुस्तकावर संशोधन करते. उन्हातून एसटीनं आलेली, मला पाहून डोळे भरून आलेले. म्हणाली, "काका, खरंच वाचता येत नाही तुम्हाला?" मागच्या फळीवर माझी पुस्तकं होती. तुम्ही गेल्यावर मला अडवणारं कोण होतं, सर? तरी परीक्षेला मी बसलो नाही, कारण भेटायला येतात ते त्याला. दहावी पास मेकॅनिकला भेटायला कोण येतं? मी तिला म्हणालो, नाही येत. मग ती स्टुलावर बसून, तुमचं पुस्तक उघडून, लहान मुलाला सांगावं तसं एकेक वाक्य थांबत थांबत वाचत गेली. दोन ठिकाणी ती चुकली. मी तिला दुरुस्त केलं नाही.