चिमटीतली सुरकुती

आप्पा, गेल्या रविवारी पुण्याला जाऊन तुमच्या नातीसाठी मोटारसायकलवर घालायचं लेदरचं जॅकेट आणलं. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात, त्यानंतर वर्षभरानं माझं लग्न झालं आणि मग ती झाली. आता ती रांजणगावला कंपनीत लागली आहे, आणि कंपनीची बस शिरूरच्या स्टँडसमोर येऊन उभी राहत असताना बाईसाहेबांना मोटारसायकलच हवी होती. हट्ट कुणावर गेलाय हे मी सांगायला नको. मी एकच अट घातली, अंगावर नीट जॅकेट असल्याशिवाय नगर रोडला गाडी काढायची नाही, आणि ते जॅकेट मी स्वतः हात लावून निवडणार. ती हसली. आई नेहमीसारखी घाबरतेय, असं तिला वाटलं. घाबरते तर मी आहेच, पण त्या भीतीमागं काय आहे ते मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, तुम्हाला तर नाहीच. तुम्हाला मी जे काळं जॅकेट आणून दिलं होतं आणि लेदरचं आहे म्हणून सांगितलं होतं, ते लेदरचं नव्हतं. रेक्झिनचं होतं, आणि मला ते दुकानातच माहीत होतं.

माझा पहिला पगार झाला होता. आठ दिवस आधीपासून कामावर जायच्या बसमधल्या सगळ्याजणींना मी सांगून बसले होते, की आप्पांना लेदरचं जॅकेट घेणार. तुम्ही थंडीत स्वेटरवर जुना कोट चढवून, छातीशी वर्तमानपत्राची घडी घालून गाडीवर निघायचा, ते मला बघवत नव्हतं. शिरूरच्या बाजारपेठेतल्या दुकानदारानं माझ्यासमोर दोन जॅकेटं टाकली. एक तपकिरी, जड, कुठं फिकं तर कुठं गडद. दुसरं काळंभोर, चकचकीत, कॉलर ताठ. माणूस सरळ होता. "ताई, लेदर पायजे आसंल तर हे तपकिरी घ्या. काळं रेक्झिन हाय. लांबून कुणाला कळायचं न्हाई, पर हाय रेक्झिन." मला काळं आवडलं. ते स्वस्तही होतं, आणि उरलेल्या पैशांत मी स्वतःसाठी मनगटी घड्याळ घेतलं. इतकं साधं आहे ते. पुढं चोवीस-पंचवीस वर्षं मी त्याला वेगवेगळी कारणं जोडून पाहिली, पण घड्याळ हवं होतं हेच त्यातलं खरं कारण.

आणि फसवायला निघाले होते कुणाला? जनावराच्या कातडीवर ज्याचं उभं आयुष्य गेलं त्या माणसाला. मेंढरं आपल्या घरातून आजोबांबरोबर गेली, पण त्यांच्या अंगावरून हात फिरवतच तुम्ही मोठे झाला होता. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तुम्ही कागदावर ड्रेसर, जखमा धुऊन पट्ट्या बांधणारे, पण वडगाव रासाईपासून नदीपलीकडं दौंडच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांपर्यंत सगळे तुम्हाला डॉक्टरच म्हणायचे. मागच्या सीटवर बसून मी कितीदा तुमच्याबरोबर गेले आहे. गोठ्यात शिरलात की तुम्ही आधी कुणाशी बोलायचा नाही. गाईच्या मानेची कातडी चिमटीत धरायची, ओढायची, सोडायची, आणि ती जागेवर बसेपर्यंत बघत राहायचं. लगेच बसली तर बरं. चिमटीची घडी तशीच उभी राहिली, की तुमचा चेहरा बदलायचा. "आंगात पाणी न्हाई हिच्या. सलाईन काढा." लहानपणी मला जुलाब झाले तेव्हा माझ्या पोटाचीही तुम्ही तशीच चिमटी घेतली होती. आई ओरडली, पोर हाय ती, कालवड न्हवं. तुम्ही म्हणालात, कातडं समद्यांचं एकच भाषा बोलतं.

तुम्ही मला रागावल्याचं एकदाच आठवतं. आपल्या पाटीच्या, त्या तरण्या शेळीच्या, पायाला तारेचं लागलं होतं आणि ती जखम रोज धुवायचं काम माझ्याकडं होतं. दोन दिवस मी खेळायच्या नादात धुतली नाही. तुम्ही यायच्या वेळेला घाईघाईनं वरून नवी पांढरी पट्टी बांधून ठेवली. तुम्ही सायकलवरून उतरलात, तेव्हा अजून मोटारसायकल नव्हती, आणि थेट तिच्याकडं गेलात. पट्टी सोडलीत. आत अळ्या झाल्या होत्या. मला जवळ बसवलंत आणि एकेक अळी काढेपर्यंत उठू दिलं नाही. "वरनं पांढरं दिसलं म्हंजी झालं व्हय? ते मुकं हाय म्हणून त्याच्याशी खोटं बोलतीस?" आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळंच मला जास्त रडू आलं. पाटी पुढं बरी झाली. मी मात्र त्यातून काही शिकले नाही, हे जॅकेटच्या वेळी दिसलंच.

जॅकेट दिलं तो दिवस आता पुन्हा डोळ्यांसमोर आणते आहे, कारण तेव्हा मी तो नीट पाहिलाच नव्हता. आई चुलीपुढं बसलेली आहे, भाकरी तव्यावर आहे. तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात आणि मी पिशवीतून जॅकेट काढून तुमच्या मांडीवर ठेवते. लेदरचं हाय आप्पा, मी म्हणते. तुम्ही ते उलटसुलट करता. बाहीचं टोक उलटून आतली बाजू बघता. खांद्याशी अंगठा दाबून धरता आणि तिथंच बघत राहता. मग पाठीवर चिमटी घेता, सोडता. नाकाशी नेता. शेजारच्या तांब्यात बोट बुडवून एक थेंब बाहीवर सोडता, तो थेंब तसाच घरंगळून खाली जातो. मला वाटतं, तुम्ही कौतुकानं हाताळताय. आई विचारते, "लेदर म्हंजी कशाचं वो? म्हशीचं का बोकडाचं?" घोंगडी हातात घेऊन कुठल्या जातीच्या मेंढराची लोकर ते सांगणारे तुम्ही, माझ्याकडं बघता, माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडं बघता, आणि म्हणता, "कंपनीतला माल हाय. कंपनीतलं आपल्याला काय ठावं?" मग उभं राहून अंगात घालता, चेन गळ्यापर्यंत ओढता. "झ्याक हाय. वारं लागायचं न्हाई. आन् पाणी तर अजिबात प्यायचं न्हाई हे." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही ते जॅकेट घालून बाहेर पडू लागलात, आणि गोठ्यागोठ्यांत ते लेकीनं आणलंय म्हणून सांगितलंत. मला लोक येऊन सांगायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात, उसाच्या दिवसांत, तुम्ही सकाळी नदीपलीकडं एका अडलेल्या गाईकडं निघाला होता. ट्रॉलीतून पडलेला ऊस रस्त्यावर चेंगरून पसरला होता, त्यावर गाडी घसरली. वेग फार नव्हता. हाड मोडलं नाही. डोक्याला लागलं नाही. फक्त डाव्या कुशीवर तुम्ही डांबरावरून घसरत गेलात. मी दौंडच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तुम्ही पालथे पडला होता आणि मला बघून पहिलं विचारलंत, "गाईकडं कोन गेलं का?" डॉक्टर चिमट्यानं तुमच्या खांद्यातून आणि कोपरातून एकेक काळा तुकडा उचलून ट्रेमध्ये टाकत होते. "मामा, हे काय घातलं होतं? वितळून मांसात बसलंय." तुम्ही दात आवळून म्हणालात, "लेदर हाय डॉक्टर. माझ्या लेकीनं आणलंय." डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "लेदर असं चिकटत नाही हो. जाड लेदर असतं तर खरचटण्यावर निभावलं असतं." तुम्ही पुन्हा म्हणालात, "लेदरच हाय ते." मी तुमचे पाय धरून उभी होते. तुम्हाला साखर होती. जखम भरलीच नाही, ती आत आत जात राहिली, आणि महिन्याभरात तुम्ही गेलात. एवढी वर्षं मी स्वतःची अशी समजूत घालत आले, की आप्पांनी शेवटपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवला. लाज वाटायची, पण त्या लाजेला तेवढाच एक आधार होता.

रविवारी तो आधारही गेला. पुण्यातल्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ होते, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलायला लागले की थांबत नव्हते. पोरीला मऊसूत काळं जॅकेट आवडलं होतं. त्यांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. "हे मेंढीचं, बेटा. लग्नाला घाल. रस्त्यावर पडलीस तर कागदासारखं फाटेल. तुला म्हशीचं पाहिजे, जाड." मग त्यांनी तिला दुकानातल्या एका उभ्या गाडीवर बसवलं, पुढं वाकायला लावलं. पाठ उघडी पडत नाही ना, बाही मनगटाच्या वर सरकत नाही ना, ते पाहिलं. ढगळ असेल तर घसरताना वर गोळा होतं आणि घातलं न घातलं सारखंच, म्हणाले. खांद्याला, कोपराला आतून पॅड हवं, शिवण दुहेरी हवी. हातमोजे तळव्याला दुपदरी हवेत, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो. छातीला बारीक भोकं पाडलेलं निवडलं, आपल्याकडचं ऊन बघून. मी विचारलं, पण हे खरं लेदर आहे हे ओळखायचं कसं? "सोपंय ताई," ते म्हणाले, आणि त्यांनी बाहीचं टोक उलटून आतली खरबरीत बाजू दाखवली. खांद्याशी अंगठा दाबला, त्याभोवती बारीक सुरकुत्या गोळा झाल्या, आपल्या हाताच्या पाठीवर होतात तशा. चिमटी घेतली. नाकाशी नेलं. मग पेल्यात बोट बुडवून एक थेंब सोडला. थेंब घरंगळला नाही, हळूहळू आत गेला आणि तिथं गडद डाग उमटला. "खरं कातडं पाणी पितं. रेक्झिन नाही पीत." आप्पा, मला तिथं खुर्चीवर बसावं लागलं. पोर म्हणाली, आई, पाणी देऊ का?

त्या माणसानं जे केलं ते सगळं, त्याच क्रमानं, तुम्ही चुलीपाशी बसून केलं होतं. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. आईला टाळलंत, पाणी पीत नाही म्हणालात तेही खरंच बोललात. खोटं तुम्ही आयुष्यात एकदाच बोललात, डॉक्टरांसमोर, अंगातून काळे तुकडे निघत असताना, माझ्यासाठी. मला तुमचा राग आला. का घातलंत? ट्रंकेत टाकायचं होतं, मला पाटीच्या वेळेसारखं शेजारी बसवून दोन शब्द सुनवायचे होते. मी रडले असते आणि तपकिरी जॅकेट घेऊन आले असते. तुम्ही मुक्या जनावराशी खोटं खपवून घेत नव्हता, मग माझं का खपवून घेतलंत?

सोमवारी सकाळी पहिल्या पाळीला निघताना पोर साध्या कापडी जर्किनमध्ये बाहेर आली. नवं जॅकेट खुंटीला तसंच. "आई, त्यात उकडून मरंन मी. आणि आजोबांनी तर लेदरच घातलं होतं ना? काय उपयोग झाला?" ही गोष्ट तिला मीच सांगत आले होते. अंगात लेदर होतं तरी माणूस गेला, नशिबाचा खेळ, असं म्हणत लहानपणापासून दहादा सांगितली असेल. गाडीची किल्ली तिच्या हातात होती, आणि नगर रोडला कंटेनरची रांग लागलेली असते त्या वेळेला. मी दारात आडवी उभी राहिले. "ते लेदर न्हवतं," मी म्हणाले. "रेक्झिन होतं. मीच आणलेलं, मला ठाऊक होतं, आणि त्यांना लेदर म्हणून सांगितलं. लेदर असतं तर त्यांनी तुला मांडीवर घेतलं असतं." तिनं हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. मग तिनं जर्किन काढलं, जॅकेट घातलं, हातमोजे चढवले. चेन ओढताना खाली बघत तिनं विचारलं, "आजोबांना कळलं होतं का गं?"

"न्हाई," मी म्हणाले. ती गेली. एसटी डेपोच्या वळणापर्यंत ती मला दिसत होती.

वरची पट्टी सोडली आणि खालची तशीच ठेवून दिली, असंच तुम्ही म्हणाल. ठाऊक असून तुम्ही ते घालून रोज गाडीवर बसत होता, माझं मन मोडू नये म्हणून, हे तिच्यापुढं उच्चारायला जीभ रेटेना. संध्याकाळी ती घरी आली की सांगू, असं ठरवलं होतं. आज गुरुवार आहे. ती रोज जॅकेट घालून जाते, घामानं भिजून परत येते, खुंटीला टांगते. ती अंघोळीला गेली की मी उठते, त्याच्या खांद्याशी अंगठा दाबते, सुरकुत्या गोळा झालेल्या बघते, आणि भाकरी टाकायला परत आत येते. तुम्हाला कळलं होतं, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.