हातातला क्लच

उस्ताद, गाडी पोचली. नागपूरच्या कंटेनर डेपोतून रेल्वेनं बंदरावर, तिथून जहाजानं समुद्र ओलांडून ती इथं न्यूझीलंडला आली आणि आता माझ्या लेकीच्या घरासमोर उभी आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हाही कागदाशी तुमचं फारसं जमायचं नाही. पत्र आलं की माझ्याकडे सरकवायचात, "वाचा बाई, काय म्हणून राह्यला हा." तरी तुम्हालाच लिहायला बसले, कारण या गाडीबद्दल काही सांगायचं तर ते समजणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

मी पहिल्यांदा तुमच्या गॅरेजात आले तो दिवस मला आजही स्वच्छ आठवतो. मी मारेगावकडची, कापूसवाल्या घरातली, आणि नोकरी लागली ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावरच्या शाळेत. डावा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला. एसटीच्या पायऱ्या चढताना कंडक्टर काखेत हात घालून मला वर ओढायचा, पोतं ओढावं तसा, आणि मागचे लोक म्हणायचे, सावकाश चढू द्या रे बाईले. जोडचाकांची स्कूटर घेतली तर ती पावसाळ्यात काळ्या चिखलात रुतून बसायची. शेवटी बाबांशी भांडून मी एक जुनी छोटी लाल गाडी घेतली आणि ती चार महिने माझ्या खोलीसमोर नुसती उभी राहिली. शिकवणारे सगळे एकच विचारायचे, क्लच कोण दाबणार? कोणीतरी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही एका ट्रॅक्टरखालून बाहेर आलात, हात पुसलेत, आणि पायाकडे पाहिलंच नाहीत. तोवर भेटलेला प्रत्येक माणूस आधी पायाकडे पाहायचा. तुम्ही म्हणालात, "हात दाखवा." मी डावा हात पुढं केला. तुम्ही तो उलटसुलट करून पाहिलात, मोटरसायकलचा एक लिव्हर आणून माझ्या मुठीत धरून पाहिलात. "मोटरसायकलचा क्लच हातातच असते ना? मंग गाडीचा काहून नाई?"

मग सुरू झालं ते माप घेणं. कापूस मोजायचा ताणकाटा तुम्ही छताच्या लोखंडाला टांगला, त्याला लिव्हर बांधला आणि मला ओढायला लावलंत. सकाळी शाळेत जाताना एकदा, संध्याकाळी परतताना एकदा, असं आठवडाभर. मी विचारलं, दोन दोनदा कायले? तुम्ही म्हणालात, "सकाळचा हात खोटं बोलते. दिवसभर खडू धरून थकलेल्या हातानं जेवढं ओढाल, तेवढ्यात क्लच दाबला गेला पाह्यजे." आठ दिवसांनी तुम्ही गिअरच्या दांडीवरच लिव्हर बसवलात. मूठ आवळली की क्लच दबायचा आणि त्याच हातानं गिअर पडायचा. पहिला लिव्हर वाकला. दुसऱ्याची केबल भर बाजारात तुटली. तिसरा अजून आहे, माझ्या बोटांनी त्याच्यावरची पॉलिश गेली एवढंच.

त्या दिवसांत कितीदा तुमच्या घरी जेवले असेन. तुमची बायको, जिला सगळा तांडा याडी, म्हणजे आई, म्हणायचा, चुलीपुढं बसून भाकरी थापते आहे, मला बघून "बेस", बस, म्हणते आहे, आणि माझ्यासाठी पाट न ठेवता उंच पेटी पुढं ओढते आहे, कारण खाली बसले की मला उठता येत नाही. हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही ताटावर बसून आजोबांच्या गोष्टी सांगायचात. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ते कुठून कुठून चालत जायचे. "हरेक बैलाची पाठ अलग," तुम्ही म्हणायचात. "माहा आजा नव्या बैलाच्या पाठीवर आधी रिकामी गोणी टाकून चार दिवस हिंडवे. कोठी घासते, कोठी टोचते ते पाहे. मंग शिवे." याडी तिकडून म्हणायची, जेवू तं दे तिले. मी तेव्हा नुसती ऐकायचे. तुम्ही आजोबांचं सांगता सांगता मला माझ्या गाडीचंच सांगत होतात, हे कळायला मला वेळ लागला.

आणि तो दिवस. फुलसावंगीच्या स्टँडसमोर चढावर माझी गाडी बंद पडली. एकदा, दोनदा, तीनदा. मागं प्रवासी जीप कर्कश हॉर्न वाजवते आहे. चारपाच लोक धावत आले. "राहू द्या बाई, तुमाले पाय नाई, आमी ढकलतो," म्हणत त्यांनी गाडी कडेला नेली. मी काचेतून हात जोडले. तुम्ही समोरच्या टपरीवर चहा पीत सगळं पाहत होतात. गॅरेजात आल्यावर तुमचा चेहरा असा काही झाला होता की मला वाटलं, मी गाडीचं काही मोडलं.

"हात काहून जोडले?"

"त्यायनं मदत केली, उस्ताद."

"मदत नाई केली. त्यायले रस्ता मोकळा पाह्यजे होता. गाडी तुमची, चढ तुमचा. पाच मिनिट वाजवू द्या हॉर्न, कोणाचं काय जाते?" आणि मग हळू आवाजात, जे मला जास्त लागलं, "पुढच्या टायमाले कोणाले हात लावू द्याल तं मी हा लिव्हर काढून घेईन, सांगून ठेवतो."

मी दोन दिवस रागानं आले नाही. एसटीनं शाळेत गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे, रस्त्यावर कुत्रंही नसताना, तोच चढ मी एकटीनं सातदा चढले. सातव्यांदा वर पोचले तर तुम्ही बंद टपरीच्या फळीवर बसला होतात.  उठून चालायला लागलात.

तुम्ही गेलात तेव्हा मी परीक्षेच्या कामानं यवतमाळला होते. चार दिवसांनी कळलं. मी गाडी घेऊन सरळ तांड्यावर आले. याडी दाराशीच बसली होती. तिनं मला विचारलं, "लिव्हर बराबर चालते नं?" मी हो म्हटलं. मग आम्ही दोघी रडलो.

पहिल्या दिवसापासून या गाडीनं माझं सगळं वाहिलं. लग्न, लेकीचा जन्म, तिची शाळा, यांचं आजारपण, हे गेल्यावरची वर्षं. निवृत्त झाले तेव्हा लेक म्हणाली, आई, आता इकडेच ये कायमची. मी म्हटलं, येते, पण गाडी आणते. ती फोनवर हसली. मग तिला कळलं की मी थट्टा करत नाही.

"अगं आई, इथं सगळ्या गाड्या ऑटोमॅटिक असतात. क्लचच नसतो. तुला काही करावंच लागणार नाही."

"काही करावंच लागत नाई तं मी तिथी कायले येऊ?"

"तू गाडीबद्दल बोलतेस की स्वतःबद्दल?"

मी फोन ठेवला. आठवडाभर आम्ही बोललो नाही. शेवटी तिनंच तिथले नियम शोधले, कागदांची यादी पाठवली, खाली एकच ओळ लिहिली, "बाबा असते तर ते तुझ्याच बाजूनं बोलले असते."

यादीत होतं की गाडीत काही बदल केला असेल तर इंजिनिअरचा दाखला हवा. मी एका कॉलेजात शिकवणाऱ्या इंजिनिअरला गाठलं. तरुण, शांत माणूस. तो डॅशबोर्डखाली आडवा पडून तासभर केबल बघत होता, मग लिव्हरला कसलंसं यंत्र लावून जोर मोजला. बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, हे कोणी डिझाइन केलं? जोर अगदी पाहिजे तेवढाच लागतो." मी ताणकाट्याचं सांगितलं. तो गाडीकडे बघत राहिला. म्हणाला, मी माझ्या विद्यार्थ्यांना हे दाखवू का? त्यानं तुमच्या लिव्हरची नकाशासारखी स्वच्छ आकृती काढली. पण दाखल्यावर रचनाकाराचं नाव आणि शिक्षण लिहायचं होतं. मी तुमचं नाव सांगितलं, सातवी पास म्हटलं. तो अवघडला. पदवी नसेल तर कागद परत येईल, म्हणाला. त्यानं जबाबदारी स्वतःवर घेतली आणि स्वतःचं नाव लिहिलं. त्याचा हेतू वाईट नव्हता. मी सही केली. तुमचं नाव कुठल्याच कागदावर नाही, उस्ताद, आणि ते मी माझ्या हातानं होऊ दिलं.

मग धुणं. त्या देशात मातीचा कण, झाडाचं बी काही चालत नाही. यवतमाळच्या धुलाईवाल्यानं गाडी वर टांगून पाण्याचा फवारा मारला तर तिच्या पोटातून काळी माती निघतच राहिली. सीटखालून तुरीचे दाणे, सरकी, खडूचे तुकडे. "बाई, गाडी चालली का नवरी?" तो म्हणाला. मी बाजूला खुर्चीवर बसून हसत होते, आणि मधेच मला हसू येईनासं झालं.

नागपूरला मीच चालवत नेली. डेपोतला ड्रायव्हर आत बसला, पाय चाचपडला, दोनदा गाडी बंद पाडली आणि उतरला. "मॅडम, हे आपल्या बस की बात नाई." उतरणीवरून कंटेनरच्या तोंडापर्यंत मी नेली. आत मात्र दोन्ही बाजूंना इतकी कमी जागा होती की दार अर्धंही उघडलं नसतं. लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर घातलेला पाय घेऊन मी तिथून बाहेर निघूच शकले नसते. मी खाली उतरले, गिअर काढला आणि चार माणसांना सांगितलं, ढकला. तुमची आठवण आली, खोटं कशाला सांगू. पण ते चौघं माझ्याकडे बघत नव्हते, गाडीकडे बघत होते. त्यांनी ती हलक्या हातानं आत नेली, चाकांना लाकडी ठोकळे लावले, पट्टे आवळले, बॅटरीची तार काढली. दार बंद झाल्यावर त्यांच्यातला एक जण माझ्यासाठी स्टूल घेऊन आला. मी बसले. हात नाही जोडले. "चहा सांगा," म्हटलं, आणि आम्ही पाचजणांनी चहा घेतला.

इथं बंदरावर तपासणाऱ्या बाईला मागच्या सीटच्या पट्ट्याच्या खाचेत एक सरकी सापडली. एकच. तिनं ती चिमट्यानं उचलून पिशवीत घातली आणि गाडी पुन्हा धुवायला पाठवली, मग पुन्हा तपासणी. तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी घरात कोंडून बसू नये म्हणून लेकीनं मला तिची ऑटोमॅटिक गाडी दिली. ती स्वतः कामाला बसनं जाते.

उस्ताद, ती मला पहिल्याच दिवशी जमली. तुमच्या गाडीला मला दोन महिने लागले होते. उजवा पाय ठेवायचा, स्टिअरिंग धरायचं, बस. दुसऱ्या दिवशी मी समुद्रापर्यंत जाऊन आले आणि येताना गाणं म्हणत होते.

आपली गाडी घरी आली त्या दिवशी मी लेकीच्या गळ्यात पडले. दर रविवारी ती शेजारी बसते आणि मी तिला लाल गाडीतून फिरवते. शेजारचे म्हातारेबुवा येऊन लिव्हर दाबून बघतात, मान हलवतात, आणि मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत त्यांना तुमच्याबद्दल सांगते. तुमचं नाव त्यांना आता बरोबर घेता येतं. पण रविवार सोडून बाकीचे सहा दिवस, लेक कामावर गेली की, मी तिची किल्ली उचलते.

परवा ती विचारत होती, आई, माझ्या गाडीतलं पेट्रोल इतक्या लवकर कसं संपतं गं? मी पोळ्या लाटत होते. "मले काय माहीत," म्हटलं.

हे पत्र तुम्हाला पाठवता येत नाही आणि लेकीला दाखवता येत नाही. घडी करून कपड्यांच्या तळाशी ठेवते आहे. एवढं भांडून, एवढा समुद्र ओलांडून गाडी आणली, आता लेकीला काय तोंड दाखवू? पण तुमच्यापाशी कबूल करते. फार सोपी आहे ती लेकीची गाडी, उस्ताद. आणि मला आवडते.