गौरीचे रोल

१७ जाने. १९७८, मंगळ.
गड्ड्याच्या जत्रेची गर्दी अजून ओसरलेली नाही. स्टुडिओत सकाळपासून नवी लुगडी, नव्या टोप्या, पोरांची रडारड. दुपारी मल्लप्पा आला, आमच्या गल्लीतला चादरवाला. बाकावर बसला आणि सांगायला लागला. त्याची बहीण गौरी, दिल्लीला दिलेली. रक्ताचा कॅन्सर. डॉक्टरांनी हात टेकलेत.

आव्वाला, म्हणजे त्यांच्या आईला, मांडीचं हाड मोडल्यापासून बाज सुटत नाही. तिच्याजवळ गौरीचा एकच फोटो, लग्नातला. मान खाली, बाशिंगानं अर्धं तोंड झाकलेलं. तिला आत्ताचा हवाय. दिल्लीत फोटोवाले नाहीत का, असं मी विचारलं. तर म्हणे आव्वाच म्हणाली, परक्या माणसापुढं ती हासणार न्हाई, आपल्या फोटोवाल्यालाच न्ये.

दुकान सोडून मल्लप्पाला फार दिवस राहता येत नाही, म्हणून मुंबईपर्यंत रेल्वे, पुढं विमान. सौ. ला, शांताला, सांगितलं तर ती रडायलाच लागली. शांता आणि गौरी शाळेत एका बाकावरच्या.

२१ जाने., शनि. दिल्ली.
विमानाचं काय लिहू. कानात दडे बसले, ढग खालून दिसले. लक्षात राहिली ती चढण्याआधीची तपासणी. हल्ली विमानं पळवतात म्हणून हे सगळं. पोलिसानं कॅमेरा फिरवून पाहिला, बटण दाबायला लावलं, सोडलं. फ्लॅशच्या बॅटरीच्या वायरी बघून मात्र आणखी दोघं गोळा झाले. रोल कोरे होते, मला काळजी नव्हती. मल्लप्पाला घाम. बाजारात ज्याचा आवाज चार दुकानं ओलांडून जातो, तो खाकी कपड्यांपुढं हात जोडून उभा.

थंडी लई आहे इथं. बोटं आखडलीत.

२२ जाने., रवि.
गौरी. ओळखलीच नाही. दार तिच्या नवऱ्यानं उघडलं, शांत माणूस, सरकारी कचेरीत आहे. आत कॉटवर एक पोरगी बसल्यासारखी दिसली, ती ही. मला बघून "बा, कूत्को" म्हणाली, ये, बस. मग भावाकडं बघून, शेंगाचटणी आणलीस का. बोटभर जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून बसली.

फ्लॅश नको म्हणाली. खिडकीजवळ खुर्ची ओढली. इरकल नेसली होती, कपाळाला विभूती, विरळ केसांवरून पदर. पहिले काही फोटो ताठ आले. मग तिनं शांताची चौकशी केली. मी सांगितलं, अजून भाकरी करपवते. हसली. दम लागेपर्यंत हसली.

शेवटी भिंगात बघत एकदम म्हणाली, "आव्वा, जेवलीस का?" मी बटण दाबलं. मल्लप्पा बाहेर जाऊन उभा राहिला.

दोन रोल भरले. नीट आलेत, हाताला कळतं ते.

२३ जाने., सोम. विमानात.
अक्षर वाईट येतंय.

परतीची तपासणी. इथला अधिकारी चिडकाच. पुन्हा बॅटरी, पुन्हा वायरी. मग कागदात गुंडाळलेले रोल हातात घेतले, आत काय. मी सांगितलं, फोटो आहेत, उजेड लागला की संपले. माझं हिंदी आपलं सोलापुरी, तो हसला, शेजारच्याला ऐकवून दाखवलं. मी काळी पिशवी काढली, जिच्यात हात घालून रोल बदलतो ती. म्हटलं, साब, तुम्हीच आत हात घाला, चाचपून बघा. तर त्याला वाटलं मी थट्टा करतोय. आवाज चढला. मागं रांग.

तेवढ्यात मल्लप्पा पुढं झाला. मला वाटलं सांगेल, बहीण आजारी आहे, तिचे फोटो आहेत. तो म्हणाला, "खोल दो साब, सब खोल दो. हमको कुछ छुपाना नहीं."

अधिकाऱ्यानं एक रोल फर्रकन ओढला. दुसरा पण. टेबलावर गुंडाळी पडली, वर ट्यूबलाइट. "जाओ."

मी म्हटलं, मी थांबतो, परत गौरीकडं जातो, उद्या येईन. तिकिटं मल्लप्पाच्या खिशात. "एवढ्यानं काय हुतंय? येतील की काही तरी. आन् परत तिच्या दारात काय तोंड घिऊन जायचं?" दंडाला धरून नेलं मला.

आता शेजारी झोपलाय. तोंड उघडं.

२५ जाने., बुध.
घरी आल्या आल्या आंघोळ न करता रोल धुतले. माहीत होतं तरी धुतले. काळेकुट्ट. एका रोलच्या अगदी आतल्या टोकाला एक फोटो अर्धा वाचलाय. पदर सारखा करणारा हात, बांगड्या, खुर्चीची पाठ. मानेच्या वर काही नाही.

मल्लप्पाला दुकानात जाऊन सांगितलं. म्हटलं, मी एकटा जातो, रेल्वेनं जातो, आजच निघतो. गौरीला दोन दिवस अंथरुणावर पडू दे, दमली आसंल, पुढच्या महिन्यात बघू, असं म्हणाला. गिऱ्हाईक होतं समोर. त्याला चादर उलगडून दाखवत बोलत होता.

२८ जाने., शनि.
चहाच्या टपरीवर कळलं. मल्लप्पानं सगळीकडं सांगितलंय की मी रोल उलटा भरला. विमानात बसायच्या आनंदात फोटोवाल्याचं ध्यान नव्हतं, असं. टपरीवाल्यानं हसतच विचारलं, खरं का. चहा अर्धा ठेवून आलो.

शांता म्हणते, जाऊन चारचौघांत विचारा त्याला. विचारीन. आव्वाच्या कानावर जाईल. तिला एकच पोरगं आहे हाताशी, तोच औषध देतो, तोच उचलून बसवतो. मग काय करायचं?

राग येतो तो त्या अधिकाऱ्याचाही नाही. त्याला काय माहीत. ज्याला माहीत होतं...

२ फेब्रु., गुरु.
तार आली. गौरी गेली, लिंगैक्य झाली.

त्यांच्या घरी गेलो. मल्लप्पा भिंतीला डोकं टेकून बसलेला. मला बघून उठला आणि गळ्यात पडून रडला. खरं रडला. मीही रडलो. रडताना मनात एकच, पुढचा महिना लागला.

६ फेब्रु., सोम.
मल्लप्पा स्टुडिओत आला. आव्वा फोटोचं सारखं विचारते. तिला मशीन बिघडलं एवढंच सांग, म्हणाला. मी म्हटलं, बाजारात तर रोल उलटा होता. खाली बघून म्हणाला, "भ्यालो रे मी. त्यो आपल्याला धरून ठेवील आसं वाटलं." एवढंच. बाजारात सांगितलेलं मागं घेतो, असं काही म्हणाला नाही. मीही वाट बघितली, तो उठून जाईपर्यंत.

८ फेब्रु., बुध.
अर्धा फोटो मोठा करून पाहिला. सोडून दिला. आईला लेकीचा नुसता हात द्यायचा?

शांता म्हणाली, द्या. मी म्हटलं, नको.

१४ फेब्रु., मंगळ.
आव्वानं बोलावणं पाठवलं. बाजेशेजारी बसवून घेतलं. फोटोचं काही काढलं नाही आधी. म्हणाली, तू बघितलास नव्हं तिला, मग सांग की. मी सांगितलं. इरकल, विभूती, शेंगाचटणी, शांताच्या भाकरीवर हसली ते. भिंगात बघून काय म्हणाली तेही. आव्वानं माझा हात धरून ठेवला होता. रडली नाही. "जेवले म्हणावं," एवढं बोलली, भिंतीकडं बघून.

मल्लप्पा औषधाचा पेला घेऊन दारात उभा होता.

मग तिनं विचारलं, फोटो का न्हाई आला. मी म्हणालो, रोलात उजेड गेला, आव्वा.

"कुणी सोडला?"

मल्लप्पा पेला तिथंच कोनाड्यात ठेवून आत गेला. आव्वानं तो गेला त्या दाराकडं पाहिलं. मग माझा हात सोडला.

"उद्या ये," म्हणाली. "ह्यो दुकानात गेल्यावर."

शांता विचारते, जाणार का. जाणार तर आहेच.