गाळलेल्या दोन ओळी

लोऊस महिना, ६. रविवार

आज मंडळीत पत्र वाचलं. दोन ओळी सोडून.

मंडळी ज्यांच्या घरी जेवायला जमते, ते देमोफॉनदादा म्हणाले, "वाच गं, तुला आमच्या घरानं शिकवलंय." खरंच आहे ते. आम्हा कामकऱ्यांत अक्षर ओळखणारी मी पहिली. आतल्या खोलीत नऊजण लोडांना टेकलेले, मी त्यांच्या पायांशी तिवईवर — पण आत. बाहेर अंगणात रंगाच्या कारखान्यातली माणसं. दिवस बुडाल्यावर सुटतात, मग येतात. आईही त्यांच्यातच. रंगासाठी शिंपले फोडून फोडून तिचे हात कोपरापर्यंत जांभळे झालेत. वास तर जातच नाही.

अंत्युखियाच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी लिहिलंय: "रिकामे लोक आधी येऊन जेवतात, राबणारे येतात तेव्हा टोपल्या रिकाम्या असतात. याला प्रभूचं जेवण म्हणू नका, एकमेकांसाठी थांबा."

तेव्हा देमोफॉनदादांच्या हातात तितराची तंगडी होती. मी हे न वाचता पुढच्या ओळीवर गेले. आवाजसुद्धा अडखळला नाही.

७

पहाटे आई कामावर निघाली. काल काय जेवलीस, हे मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

१०

कारखान्यातला आब्दास वाटेत भेटला. "डोळे सांभाळा हो, वाचणाऱ्या बाई! या वयातच अधू व्हायचे!" मी हसले. तो हसला नाही.

आईला म्हटलं, रविवारी लवकर ये ना. म्हणाली, "बरं. मुकादमाला सांगते, शिंपल्यांना म्हणावं थांबा, माझ्या पोरीकडे जेवण आहे."

१३. रविवार

ठरवून गेले होते. त्या दोन ओळी सगळ्यांसमोर वाचायच्या. पत्र देमोफॉनदादांच्या पेटीत. मागितलं तर म्हणाले, "पुन्हा कशाला? सगळ्यांनी ऐकलंय की." मी "हो दादा" म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही. सुचलं होतं. धीर झाला नाही. हे घर तुटलं तर मी कुठली?

उठताना भाकरी आणि माशाचा तुकडा पदराआड घेतला. चोरीच ती. बाहेर आईला दिला. तिनं त्याचे सात घास केले आणि सातजणांना वाटले. मग बोटं चाटली.

१४

आज आईला सांगितलं. रडतच.

ती भांडं घासत होती. घासतच राहिली. म्हणाली, "ठाऊक आहे पोरी. पत्र आणणारा माणूस आमच्यातच अंगणात बसला होता. समुद्रात पत्र बुडालं तर, म्हणून त्याच्याकडून ते सगळं पाठ करून घेतलेलं. तू वाचायच्या आधीच त्यानं आम्हाला म्हणून दाखवलं."

"मग कुणी बोललं का नाही?"

"पोरगी आपली आहे, वाचेल — म्हणून गप्प बसलो. अजून बसलोय."